शनवार तेली

लहानपणी अर्धापुरात आमच्या शेजारी तेलाचा घाणा होता. झापड लावलेला बैल दिवसभर फिरे. मास्तरकी पत्करल्यावर त्याच्याशी नाते जुळले!

अलिबागेकडचे बेने इस्राएल यहुदीही पूर्वी तेल गाळीत. शनिवारी शब्बाथ, म्हणून घाणा बंद. लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. त्या दिवशी बैलालाही विसावा द्यावा, असे त्यांच्या धर्मग्रंथात आहे. देव बैलाचे जू उतरवायला येतो, हे मला फार आवडले.

हे वाचले तोही शनिवारच. सकाळच्या शाळेत पेंगणाऱ्या एका पोरावर मी हात उचलला होता. वह्यांचा गठ्ठा तसाच ठेवून त्याच्या घरी गेलो.

“बसा गुरुजी,” आई म्हणाली. “रात्रभर केळीला पाणी देत होतं. आत्ताच निजलंय, उठवू का?”

“नको,” म्हटले, आणि बसून राहिलो.