राखून ठेवलेलं गाणं

आगमनकाळ लागला की आमच्या मिस्सेतून ग्लोरिया नाहीसं होतं. एरवी रविवारी क्षमायाचना झाली की सगळं चर्च जे गौरवगीत गातं, ते नाताळच्या आधीच्या चार रविवारी गायचं नसतं. धर्मगुरूंच्या अंगावर जांभळी वस्त्रं येतात, वेदीवरची फुलं बेताची होतात, ऑर्गनही हात राखून वाजवायचा असतो. मध्ये 8 डिसेंबरला निष्कलंक मातेचा सण आला तर तेवढ्यापुरतं ग्लोरिया ऐकू येतं आणि पुन्हा थांबतं. आलेलुया मात्र चालू राहतं. उपवासकाळात तेही बंद होतं, कारण तो प्रायश्चित्ताचा काळ. आगमनकाळातलं मौन शोकाचं नाही. लूकच्या शुभवर्तमानात देवदूतांनी बेथलेहेमच्या मेंढपाळांपुढे जे स्तवन केलं, त्यातूनच ग्लोरियाची सुरुवात झाली आहे. ते त्या रात्रीचं गाणं, म्हणून त्या रात्रीसाठी राखून ठेवायचं.

हे मला आमच्या वसईतल्या गायनवृंदाच्या मास्तरांनी सांगितलं, तेव्हा मी शाळेत होते. भातकापणी झालेली असायची, अंगणात पेंढ्याच्या उडव्या, संध्याकाळी बागायतीतून गारवा उतरायचा. जेवणं उरकून आम्ही चर्चच्या हॉलमध्ये तालमीला जमायचो आणि महिनाभर तालीम कशाची, तर ग्लोरियाची. रविवारी जे गायचं नाही, तेच आठवडाभर घोटायचं. सोप्रानो वेगळे, आल्टो वेगळे, मग सगळे एकत्र. मुलांची चुळबुळ चालायची, की एवढं बसलंय तर येत्या रविवारी गाऊन टाकू. मास्तर मान हलवायचे आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करायचे.

माझ्या आजीला ग्लोरिया लॅटिनमध्ये पाठ होतं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर उपासना मराठीत आली, तोवर तिचं अर्धं आयुष्य लॅटिन मिस्सेत गेलं होतं. शब्दांचा अर्थ तिला कुणी सांगितला नव्हता, पण डिसेंबरात ते गायचं नाही आणि नाताळच्या मध्यरात्री ते सुरू होताच सगळ्या घंटा वाजतात, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. ती आगमनकाळात मासळी-मटण कमी करायची, पापनिवेदनाला जायची, ज्या जावेशी बांधावरून बिनसलं होतं तिच्या घरी स्वतः जाऊन बसायची. तयारी म्हणजे काय, हे मी धर्मशिक्षणाच्या वर्गापेक्षा तिच्याकडून जास्त शिकले. ही तयारी जुनी आहे. पाचव्या शतकात फ्रान्समधल्या तूर इथे बिशप पर्पेटुअस यांनी संत मार्टिनच्या सणापासून, म्हणजे 11 नोव्हेंबरपासून, नाताळपर्यंत आठवड्यातून तीन दिवस उपवास नेमून दिला होता. पुढे रोममध्ये चार रविवारांचा काळ रूढ झाला.

नोकरीला लागले आणि मुंबईची लोकल सुरू झाली. तिथे दुकानांत नाताळची गाणी नोव्हेंबर संपायच्या आत वाजू लागत. मला त्यांचा राग नाही, सुंदर गाणी आहेत. पण संध्याकाळी गर्दीत उभी राहून विरारकडे परतताना मला आमच्या न गायलेल्या गाण्याचा फार आधार वाटायचा. सगळीकडे सण सुरू होऊन गेला होता आणि आम्ही अजून वाट पाहत होतो. त्या गायनवृंदातच ह्यांची ओळख झाली. खर्जातला भरदार आवाज, ग्लोरियाच्या शेवटच्या आमेनला जमीन हलावी असा.

एका पावसाळ्यात मेंदूतल्या रक्तस्रावाने ह्यांची वाचा गेली. ऐकू येई, समजे, ओठांवर शब्द येत नसे. त्या वर्षी 19 डिसेंबरच्या मिस्सेत जखऱ्याचा उतारा वाचला गेला. म्हातारा याजक मंदिरात धूप जाळायला जातो, तुला मुलगा होईल असं देवदूत सांगतो, त्याचा विश्वास बसत नाही आणि त्याची वाचा जाते. बाहेर खोळंबलेल्या लोकांना तो हातांनी खुणा करतो. मला तो उतारा ऐकवेना. जखऱ्याने शंका घेतली होती. माझ्या माणसाने कशावर शंका घेतली होती? हा प्रश्न मी वेदीपुढे मोकळेपणाने ठेवला. अजूनही तो मागे घेतलेला नाही.

23 तारखेला त्या कथेचा पुढचा भाग येतो. जखऱ्या पाटीवर मुलाचं नाव लिहितो, जीभ सुटते, आणि 24च्या सकाळी त्याचं स्तोत्र वाचतात. जुन्या संदेष्ट्यांच्या शब्दांनी भरलेलं ते लांब स्तोत्र आहे. मला वाटलं, हे त्याला एका क्षणात सुचलेलं नाही. मुक्याने काढलेल्या त्या महिन्यांत तो ते आतल्या आत जुळवत असणार. आवाज नसताना त्याची तालीम चालू होती.

त्या नाताळच्या रात्री घंटा वाजल्या, ग्लोरिया झालं. हे माझ्या शेजारी गप्प बसले होते. काही चमत्कार झाला नाही. पण त्या रात्री आगमनकाळाची एक गोष्ट मला पहिल्यांदा नीट कळली. त्याचे पहिले आठवडे बेथलेहेमविषयी नसतातच. 16 डिसेंबरपर्यंतच्या प्रार्थनांचा रोख ख्रिस्ताच्या शेवटच्या येण्याकडे असतो. गोठ्याकडे आपण वळतो ते 17 तारखेपासून. म्हणजे 25 डिसेंबर उजाडला तरी अर्धी वाट पाहणं शिल्लकच असतं. सगळी आसवं पुसली जाण्याचं वचन प्रकटीकरणाच्या पुस्तकात आहे, ते अजून पुरं व्हायचं आहे. मी त्यावर विश्वास ठेवते, आणि ह्यांच्या वाचेसकट त्याची वाट पाहते.

आता तालमी मी घेते. ह्यांना थोडे शब्द परत आले आहेत, नावं आणि अधूनमधून छोटी वाक्यं. हॉलमध्ये ते पुरुषांच्या बाजूला बसतात, बेसच्या मुलांचा सूर उतरला की बोटाने वर खूण करतात, आणि मुलं ती मानतात. यंदाच्या ग्लोरियाला नवी चाल आहे. मधल्या भागात आल्टो अजून डळमळतात. गुरुवारी त्यांना अर्धा तास आधी बोलावलं आहे.