बर्फातला वाटा

तोकामाचीच्या आसपासच्या खेड्यांत घर घ्यायचं असेल तर अंगण, झाडं, खिडकीतून दिसणारी भातखाचरं हे सगळं नंतर बघावं. आधी छप्पर बघावं. बर्फ आपोआप घसरून जाईल इतका त्याला उतार आहे का? तळमजला सिमेंटचा आणि पुरुषभर उंचीचा आहे, की राहायच्या खोल्या जमिनीलगतच आहेत? आणि मुख्य म्हणजे, दारापासून गावरस्ता किती लांब? रस्त्यावरचा बर्फ नगरपालिकेचं यंत्र पहाटेच्या अंधारात येऊन बाजूला सारतं. दारापासून रस्त्यापर्यंतचा बर्फ ज्याचा त्याचा.

निगाता प्रांतातला हा मुलूख, जुन्या नावाने एचिगो. जपानची सर्वांत लांब नदी शिनानो, ३६७ किलोमीटरची, इथून वाहते आणि आजूबाजूच्या डोंगरांवर भाताची खाचरं पायऱ्यापायऱ्यांनी चढत जातात. हिवाळ्यात सैबेरियाकडून निघालेला कोरडा वारा जपानच्या समुद्रावरून येताना पाणी भरून घेतो आणि या डोंगरांना अडून सगळं ओझं इथेच उतरवतो. दोन-तीन मीटर बर्फ साठला तरी त्याची कोणी बातमी करत नाही. डोंगरापलीकडे, आगगाडीने जेमतेम दोन तासांवरच्या टोकियोत, त्याच दिवशी लख्ख ऊन पडलेलं असतं. या भागातल्या सुझुकी बोकुशी नावाच्या व्यापाऱ्याने बर्फातल्या आयुष्यावर ‘होकुएत्सु सेप्पु’ हे पुस्तक लिहिलं. ते १८३७ मध्ये छापून बाहेर आलं. उबदार मुलखातली माणसं बर्फ म्हटलं की मौज समजतात, आमचा मात्र त्याच्याशी झगडा चालतो, अशी त्याची तक्रार आहे.

मी त्या मौज समजणाऱ्यांपैकीच. पुण्याहून टोकियोला नोकरीसाठी आलो, तिथल्या खुराड्यात काही वर्षं काढली आणि काम घरबसल्या करता येऊ लागलं तेव्हा खेड्यातलं रिकामं घर शोधायला लागलो. रिकाम्या घरांचा जपानमध्ये तोटा नाही. २०२३ च्या सरकारी पाहणीत देशभर सुमारे ९० लाख घरं रिकामी निघाली, म्हणजे एकूण घरांच्या जवळपास १४ टक्के. म्हातारी माणसं जातात, मुलं शहरात रुळलेली असतात, घर विकायला गिऱ्हाईक नसतं आणि पाडायला पैसे लागतात. मग गावोगावच्या नगरपालिका अशा घरांच्या याद्या ठेवतात. माझं घर तशाच एका यादीतलं. आधीच्या मालकीणबाईंची भांडी, रजया आणि लोणच्याच्या पिंपांवर ठेवायचे गुळगुळीत दगड घराबरोबरच माझ्याकडे आले.

पहिल्या उन्हाळ्यात गावाने माझं फार कौतुक केलं. जपानी किती छान बोलता, काड्यांनी किती सराईत जेवता. सकाळी दार उघडावं तर पायरीवर काकड्या, वांगी, कधी मक्याची कणसं. कोणी ठेवली ते भाजीच्या आकारावरून ओळखायला मी हळूहळू शिकलो. पाहुण्याला असतं तसं सुख होतं ते. कोणी काही मागत नव्हतं.

मग ‘काइरानबान’ येऊ लागलं. ही एक पुठ्ठ्याची पाटी असते, तिला कागद अडकवलेले असतात आणि ती घरोघर फिरते. अमुक ओढ्याकाठी अस्वल दिसलं आहे, तमुक तारखेला लसीकरण आहे, वस्तीची वर्गणी भरायची आहे. वाचायचं, आपल्या नावापुढे शिक्का मारायचा आणि पुढच्या घरी नेऊन द्यायची. पाटी माझ्याकडे अडली तर पुढच्या सगळ्यांचं अडतं. वसंतात तिच्यावर एक वेगळा कागद आला. बर्फ वितळल्यावर आणि खाचरांत पाणी सोडण्यापूर्वी चरांची सफाई, दर घरातून एक माणूस, फावडं आपापलं. माझं भात नाही, खाचर नाही, पण घर आहे म्हणून माझा माणूस हवा आणि माझ्या घरात माणूस मी एकटाच. सकाळभर कुजकी पानं, गाळ आणि हिवाळ्याने ढकललेले दगड उपसले. वरच्या अंगाच्या लोकांनी गाळ तसाच ठेवला तर खालच्यांचं खाचर कोरडं राहतं, एवढं साधं गणित त्यामागे आहे. देशभर नाव असलेला इथला कोशिहिकारी तांदूळ ज्या पाण्यावर पिकतो, त्या पाण्याची वाट दर वर्षी अशी हातांनी मोकळी करावी लागते, हे मला पिशवीवरच्या चित्रातून कधी कळलं नव्हतं.

शरदात घरांना फळ्या ठोकतात. छपरावरून घसरलेला बर्फ भिंतींवर दाबून बसतो, म्हणून तळमजल्याच्या खिडक्या बाहेरून आडव्या फळ्यांनी झाकायच्या, झाडांच्या फांद्या दोरांनी वर बांधायच्या, रॉकेलची टाकी भरून घ्यायची, मुळ्याची आणि पाल्याची लोणची घालायची. राजापूरकडच्या आजोळी मे अखेरीस हीच धांदल असायची. आगोट भरायची, लाकडं कोरडी करून रचायची, पावसाच्या बाजूला पडवीला झापं बांधायची. ते आजोळ आता फक्त गणपतीत उघडतं. इथली बंद घरं ऑगस्टमध्ये, पितरांच्या ओबोनच्या दिवसांत उघडतात. चार दिवस खिडक्यांत दिवे दिसतात, मुलांचे आवाज येतात आणि मग गाड्या पुन्हा टोकियोच्या रस्त्याला लागतात. फळ्या ठोकायला मात्र शरदात जो गावात राहतो तोच असतो. बंद घराला बांधलेल्या फळ्या दिसल्या की समजावं, शेजाऱ्याने आपलं उरकून त्यांचंही केलेलं आहे.

हिवाळ्यात खालच्या खोल्यांत दुपारीही दिवा लावावा लागतो. कोतात्सूच्या, म्हणजे खालून ऊब देणाऱ्या बुटक्या टेबलाच्या, रजईत पाय घालून मी काम करतो आणि घराला रॉकेलचा सौम्य वास असतो. लोक विचारतात, तिथे अगदी शांत असेल ना. पहाटे चारला यंत्र घरघरत येतं, छपरावरून बर्फाचा लोट धडाडून कोसळतो, खालच्या मोठ्या रस्त्यावर बर्फ वितळवणारे भूजलाचे फवारे रात्रंदिवस उडत असतात आणि त्या पाण्यातल्या लोहाने सगळा डांबरी रस्ता तांबूस झालेला आहे. कुठल्या घराची वाट सकाळी किती वाजता मोकळी झाली, हे सगळ्या वस्तीला दिसतं. नेहमीच्या वेळी झाली नाही तर कोणीतरी जाऊन दार वाजवतं. एकांतासाठी आलेल्या माणसाला हे जड जातं. मला अजूनही जातं. पण इथे दर हिवाळ्यात छपरावरचा बर्फ काढताना म्हातारी माणसं पडून दगावतात. एकट्याने छपरावर चढू नका, असं पाटीवरही येतं. दार वाजवणाऱ्यावर चिडता येत नाही.

शेजारच्या आजी ऐंशीच्या पुढच्या आहेत. मी दारचा बर्फ काढत असताना एकदा त्या येऊन उभ्या राहिल्या. तोवर मला ‘तुम्ही’ म्हणायच्या. “असा उचलू नकोस, कंबर जाईल. आधी काप, ठोकळे पाड. आणि टाकतोस कुठे? उद्या तोच घसरून तुझ्या दारात येईल.” जपानी छान बोलण्याविषयी त्या दिवसानंतर कोणी काही बोललं नाही. कौतुक थांबलं आणि सूचना सुरू झाल्या. माझ्या या गावातल्या राहण्याची खरी सुरुवात मी त्या दिवसापासून धरतो.

इथे बाहेरून येऊन राहिलेला मी पहिला नव्हे. टोकियोतून या डोंगरात राहायला आलेले संगीतकार तोकियो हासेगावा यांनी १९८२ मध्ये इथल्या एका बंद पडलेल्या प्राथमिक शाळेत मिथिला संग्रहालय उभं केलं. मिथिलेच्या चित्रांसोबत तिथे वारली चित्रंही आहेत. डहाणूकडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी या बर्फाच्या मुलखात राहून ती काढली. मराठी माणूस म्हणून मी ती बघायला गेलो तो काहीसा अभिमानानेच. पण चित्रासमोर उभा राहिल्यावर लक्ष गेलं ते लावणी करणाऱ्या, जाळं ओढणाऱ्या, झोडणी करणाऱ्या त्या बारक्या माणसांकडे. चेहरा कोणालाच नाही. कोण कुठला हे कळत नाही, कोण काय करतो ते मात्र लांबूनही कळतं. चरातला गाळ काढतानाची आमची रांग डोंगरावरून अशीच दिसत असणार. त्या रांगेत माझा देश कुठला, हे फावड्याला ठाऊक नसतं.

आमच्या वस्तीत दर वर्षी एका घराकडे कारभार असतो. आजी सांगतात, वस्ती भरलेली होती तेव्हा हे काम माणसाच्या वाट्याला आयुष्यात दोनदा-तीनदा यायचं. आता यादीतून नावं गळत चालली आहेत आणि घरं जितकी कमी, तितका आपला नंबर लवकर येतो. येत्या एप्रिलपासून कारभार माझ्याकडे आहे. वर्गणी गोळा करायची, पाटीवर कागद लावायचे, चरांच्या सफाईची तारीख ठरवायची. हे गाव आणखी किती वर्षं टिकेल, असं टोकियोतले मित्र मला विचारतात. इथे सध्या वाद आहे तो सफाई शनिवारी ठेवावी की रविवारी, एवढाच. आजींचं मत शनिवारला आहे. पावसाने हुकला तरी रविवार हाताशी राहतो.