कोरपन्याचं सोयाबीन आणि कढईतला भात

गडचांदूरला चायनीजच्या गाडीवर कधी उभे राहिलात, तर प्लेटपेक्षा कढईकडे आधी बघा. मी अन्नतंत्रज्ञान शिकवतो, धान्यं हा माझा विषय. तरीही भाताबद्दलचं माझं बरंचसं शिक्षण अशा गाड्यांपाशी झालं आहे.

गडचांदूर ज्यात येतं, तो चंद्रपूर जिल्ह्यातला कोरपना तालुका चुनखडीचा. सिमेंटचे कारखाने आले तसे बाहेरगावचे कामगार आले, पाळी सुटल्यावर गरमागरम खाणारी तरुण पोरं आली आणि त्यांच्या मागोमाग गाड्या लागल्या. कढईमागे पुष्कळदा नेपाळकडचा कारागीर असतो. त्यानंही चीन पाहिलेला नसतो. हात मात्र पक्का असतो. सकाळी शिजवून, पसरवून गार केलेलाच भात तो घेतो. यात शिळंपाकं खपवण्याचा हेतू नसतो. भात निवला की त्यातला स्टार्च पुन्हा घट्ट बांधला जातो, दाणा कडक होतो, वरचं पाणी सुकतं. असा भात धूर सुटलेल्या तेलात पडला की सुटा राहतो. ताजा वाफाळता भात त्याच आचेवर गोळा होऊन बसतो. कारागीर भात उडवतो ते दिसायला छान म्हणून नव्हे. प्रत्येक दाणा क्षणभर तापल्या लोखंडाला लागावा आणि लगेच सुटावा म्हणून. घरच्या गॅसवर ती चव येत नाही, कारण तेवढी आच घरी मिळत नाही.

या हाताची वंशावळ लांबची आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस टाँग आच्यू नावाच्या चिनी माणसानं कलकत्त्याजवळ साखरेचा कारखाना काढला. पुढे कलकत्त्यात चिनी वस्ती वाढली. तिथल्या टांगरा भागात हक्का चिनी लोकांनी चामडं कमावलं आणि खानावळीही चालवल्या. 1962च्या भारत-चीन युद्धानंतर भारतातल्या चिनी वंशाच्या हजारोंना राजस्थानातल्या देवलीच्या छावणीत डांबलं गेलं. ज्यांचं अन्न आपण आज इतक्या आवडीनं खातो, त्यांच्याशी आपण असे वागलो, हे मला अजून बोचतं. त्याच कलकत्त्यात चिनी कुटुंबात जन्मलेले नेल्सन वांग मुंबईला आले. 1975च्या सुमारास क्रिकेट क्लब ऑफ इंडियात त्यांनी आलं, लसूण, हिरवी मिरची या आपल्या वाटणात सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर घालून चिकन मंचुरियन केलं, असं सांगतात. कोबीचं मंचुरियन त्याचंच पुढचं रूप.

आता आपल्या जिल्ह्याकडे या. फ्राइड राइसला बारीक, सुटा शिजणारा तांदूळ लागतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्याच नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे यांना 1983 साली पटेल-3 या धानात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या राखल्या, पेरल्या, निवडत नेल्या. त्यातून एचएमटी वाण आलं. मनगटी घड्याळाचं नाव लागलेला हा तांदूळ देशभर गेला. गाडीवाल्यानं तो घेतला, तर त्याच्या भाताचं वाण याच जिल्ह्याच्या मातीतलं.

सोयाचं मात्र तसं झालं नाही. कोरपन्यात कापसाच्या जोडीला सोयाबीन डोलतं. मळणी झाली की बाजारात आणि तिथून तेलाच्या गिरणीत. गाडीवरची काळी बाटली मात्र बाहेरून येते. खरा सोया सॉस म्हणजे शिजवलेलं सोयाबीन, भाजलेला गहू, त्यांवर वाढवलेली कोजीची बुरशी, मग मिठाच्या पाण्यात कित्येक महिन्यांचं मुरणं. स्वस्त बाटलीत हे मुरणं नसतं. आम्लानं फोडलेली प्रथिनं, मीठ आणि साखर जाळून केलेला रंग असतो. जिभेला फरक लगेच कळतो: एकात खारटपणाच्या मागून गोडसर, भरलेली चव येते, दुसऱ्यात खारटपणाच उरतो.

उन्हाळ्यात वाळवणं घालणाऱ्या, लोणची मुरवणाऱ्या बायांच्या बचत गटांना खरा सोया सॉस मुरवण्याचं काम अवघड नाही. बुरशीचं शुद्ध विरजण, स्वच्छता आणि मिठाचं प्रमाण एवढं काटेकोर सांभाळावं लागेल. कृषी विज्ञान केंद्रांनी हे प्रशिक्षण हाती घ्यावं, आणि पहिली बरणी चाखायला त्या नेपाळी कारागिरालाच बोलवावं. रोज ज्याच्या हाताखालून ही चव जाते, त्याच्याइतका नेमका पारखी आम्हा शिकवणाऱ्यांत नाही.