मणी कधी सरकवावा

आमच्या चंद्रपुरात माळ ओढणाऱ्यांचे दोन पंथ. एक 'किती झाल्या' विचारणारे, दुसरे 'कशा झाल्या' विचारणारे. पहिल्यांच्या बोटात आता अंगठीसारखा काउंटर असतो. दुसरे सहसा सांगत नाहीत.

*

शेजारच्या आजी नातसुनेला म्हणाल्या, "एवढ्या घाईनं कोनाले बोलावून राहिली वं?" जपाच्या वेगावर याहून नेमकी टीका माझ्या ऐकण्यात नाही.

*

'श्रीराम जय राम जय जय राम' हा तेरा अक्षरांचा मंत्र. शेवटचा 'म' ओठ मिटवून पुरा केला तर साधारण तीन सेकंद लागतात. १०८ मण्यांना साडेपाच मिनिटे. हीच माळ अडीच मिनिटांत होत असेल तर काहीतरी गळते आहे, आणि ते बहुधा शेवटचे 'राम' असते. 'जय जय'पर्यंत जीभ येते तोवर अंगठा पुढच्या मण्यावर गेलेला असतो.

*

माळ मधल्या बोटावर, अंगठ्याने मणी आपल्याकडे ओढायचा, तर्जनी लागू द्यायची नाही, मेरुमणी ओलांडायचा नाही, तिथून माळ उलटवायची. हे सगळ्यांना पाठ असते. पण माळ घेताना दोन मण्यांत गाठ आहे का, हे फार थोडे पाहतात. गाठ असली की अंगठा तिच्यावर अडतो, क्षणभर थबकतो. बिनगाठीच्या माळेत मणी एकमेकांवर घसरतात आणि दोन-दोन एकदम निघून जातात. सावकाश जपायचे असेल तर मनाला समजावण्याआधी माळ बदलून पाहावी.

*

समर्थ रामदासांनी नाशिकजवळ टाकळीला बारा वर्षांत याच तेरा अक्षरी मंत्राचा तेरा कोटी जप केला, असे परंपरा सांगते. भागाकार केला तर रोजचा जप साधारण २९,७०० होतो, म्हणजे पावणेतीनशे माळा. आपल्या तीन सेकंदांच्या चालीने याला २४ तासांहून जास्त लागतील, दिवसच पुरणार नाही. एका सेकंदाला एक धरला तर सव्वाआठ तास. म्हणजे तो जप ओठांवरचा नव्हेच, मनातला असणार. ज्याला तेरा कोटी गाठायचे, त्याचा वेग निराळा. एक माळ ओढून भाजी टाकायला उठणाऱ्याने तो उसना घेऊ नये.

*

उच्चाराचे नियम सांगणाऱ्या शिक्षाग्रंथांनी वेगाची वाटणीच केली आहे. स्वतःच्या सरावाला द्रुत, प्रत्यक्ष विधीत मध्यम, शिष्याला शिकवताना विलंबित. म्हणजे जलद म्हणणे मुळात पाप नाही. घोकताना चालते, देवापुढे नाही. पाणिनीय शिक्षेत वाईट पाठकाची जी सहा लक्षणे दिली आहेत, त्यांत घाई करणारा आहे आणि मान डोलावणारा आहे. अर्थ न कळता म्हणणाराही आहे.

*

त्याच शिक्षेत मात्रा मोजायचे माप आमच्या जंगलातले निघाले. चाष म्हणजे नीळकंठ एक मात्रा बोलतो, कावळा दोन, मोर तीन आणि मुंगूस अर्धी. हे चौघेही ताडोब्यात राहतात. मोहर्लीच्या वाटेवर पहाटे मोर ओरडला की त्याची लांब ओढ ऐकावी आणि लगेच कावळ्याचे तुटक बोलणे ऐकावे. दीर्घ आणि प्लुत कानात बसतात. 'राम'मधला 'रा' दोन मात्रांचा, म्हणजे निदान कावळ्याइतका तरी हवा. घाईच्या जपात तो मुंगसावर येतो.

*

मार्कंडा देव, तालुका चामोर्शी. इथे वैनगंगा उत्तरेला वळते आणि महाशिवरात्रीला यात्रा भरते. यमाला परतवणाऱ्या मार्कंडेयाची कथा या जागेशी जोडलेली, आणि महामृत्युंजय मंत्र त्याच्या नावाशी. मंत्र बत्तीस अक्षरांचा, नीट म्हटला तर बारा सेकंद. घरात कोणी अत्यवस्थ असले की सव्वा लाखाचे अनुष्ठान बोलतात. त्याला चारशे तासांहून जास्त लागतात. रोज चार तास बसणाऱ्या एकट्याला साडेतीन महिने, आणि दुखणे तोवर थांबत नाही. यावर जुन्या लोकांनी तोड काढली ती वेग वाढवण्याची नव्हे, माणसे वाढवण्याची. अकरा जण बसवले की वाट्याला अडतीस तास येतात.

*

भद्रावतीला पार्श्वनाथाच्या दर्शनाला येणाऱ्या जैनांकडे आणखी एक युक्ती आहे, अनानुपूर्वी. नवकार मंत्राच्या पाच पदांना १ ते ५ आकडे देतात आणि कोष्टकात ते उलटसुलट मांडतात. एकूण १२० क्रम होतात. तिसरे पद आधी, मग पहिले, मग पाचवे, असे म्हणताना जीभ आपोआप धावूच शकत नाही. पाठांतर हेच घाईचे मूळ आहे, हे त्यांनी ओळखले.

*

इटलीतल्या पाविया इथल्या संशोधकांनी २००१ साली २३ निरोगी माणसांवर प्रयोग केला. लॅटिनमधली 'आवे मारिया' ही प्रार्थना आणि 'ॐ मणि पद्मे ॐ' हा मंत्र म्हणताना दोन्हींत श्वास मिनिटाला सहावर आला, आणि हृदयाची लय त्याच्याशी जुळली. आपल्याकडे श्वासाबरोबर आपोआप चालणाऱ्या अजपाजपाचा हिशेब दिवसाला २१,६०० श्वासांचा, मिनिटाला पंधरा, बरोबर दोनशे माळा. ती श्वासाची सहज चाल. जप तिला आणखी सैल करतो. जप करून धाप लागत असेल तर काम उलटे चालले आहे.

*

मे महिना, पारा पंचेचाळीसच्या वर. मोठ्याने जप केला तर तिसऱ्या माळेला घसा कोरडा पडतो आणि माणूस संपवायच्या मागे लागतो. उन्हाळ्यात ओठ हलतील एवढाच, उपांशु करावा. मनुस्मृतीत त्याचे फळ विधियज्ञाच्या शंभरपट सांगितले आहे, मानसजपाचे हजारपट. मानसजप मात्र नवख्याने जपून करावा, कारण मनात अक्षर गाळले तर ऐकणारे कोणी नसते.

*

चिमूरजवळ गोंदेडा ही तुकडोजी महाराजांची तपोभूमी. एकांतात तप करणाऱ्या या माणसाने गावाला दिली ती सामुदायिक प्रार्थना. तिच्यात बसले की कळते, तिथे जलद म्हणणाऱ्याला थांबावेच लागते. घरी एकट्याने जप करणाऱ्याला अडवायला शेजारी कोणी नसते, म्हणून त्याने आपला आवाज आपण ऐकावा.

*

"सकाळपाळीची बस पावणेसहाला, माळ पुरी कशी व्हावी?" कोळसा खाणीत जाणाऱ्या एका ओळखीच्याचा प्रश्न. अर्धी सोडली तर मेरूपर्यंत पोचत नाही, पुरी केली तर अक्षरे खाल्ली जातात. बाजारात ५४ आणि २७ मण्यांच्या माळा मिळतात, त्या अशांसाठीच. सत्तावीस मणी, प्रत्येकी तीन सेकंद, दीड मिनिटाच्या आत मेरू. मंत्रही पुरा आणि बसही मिळते. मंत्र तोकडा करण्यापेक्षा माळ तोकडी घ्यावी.