उकिरड्यावरचे रान

धारावीच्या कडेला, मिठी नदीच्या दक्षिण काठावर महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. विस्तार अवघा ३७ एकर. आज तेथे दाट सावली आहे. पूर्वी तेथे मुंबईचा कचरा पडत असे. त्याच कचऱ्यावर माती घालून झाडे लावली गेली आणि १९९४ साली उद्यान लोकांसाठी खुले झाले. कॉलेजच्या पर्यावरण प्रकल्पासाठी मी तेथे गेलो, तो आजीला घेऊन. १९७२ च्या दुष्काळात ती सोलापूरकडून आली आणि या उकिरड्यावर काच-पत्रा वेचून तिने मुंबईतली पहिली दोन वर्षे काढली.

आत शिरल्यावर आजी झाडांकडे पाहीचना. पायाखाली बघत चालली होती. "हितं खालनं धूर निघायचा रं," एवढेच म्हणाली. मी वहीत टिपत होतो : खंड्या, पाणकावळा, वंचक. हा वंचक तळ्याकाठी इतका निश्चल उभा होता, की मातीचे ढेकूळच वाटावे; उडाला तेव्हा पंख पांढरेशुभ्र! नाव ठेवणाऱ्याला दाद द्यावी.

नदीच्या बाजूला ओहोटी लागली होती. चिखलात मुळांना हवा मिळत नाही, म्हणून तिवरांनी आपली श्वसनमुळे पेन्सिलींसारखी वर काढलेली. जादा मीठ हे झाड पानांवाटे बाहेर टाकते. मी एक पान चाटून पाहिले. (मिठीचे पाणी पाहता हे धाडसच!) खारट लागले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा आमच्या खोलीत कमरेइतके पाणी होते, असे घरी सांगतात. नदीला पसरायला हा चिखल लागतो. पलीकडच्या काठावर वांद्रे-कुर्ला संकुलाच्या काचा चमकत होत्या. तेथेही एकेकाळी खाजणच होते.

एवढ्यात आजी थबकली. चिखलावर एक निवटी पुढच्या परांवर सरपटत होती, डोळे डोक्यावर वटारलेले.

"कोळणी वाट्यानं इकायच्या ह्या. लई चव."

काळ्या पाण्याकडे बघत ती जरा गप्प राहिली. मग म्हणाली, "बगळ्यास्नी हितं जागा दिली, ब्येस झालं. आपली खोली पाडल्यावर आपल्याला कुठं देत्याल?"

पुनर्विकासाचे कागद घरी ट्रंकेत आहेत. ते मी दोनदा वाचले आहेत. मी वहीत 'निवटी – १' असे लिहिले.