दिंडोरीच्या अंगणातली जीप

माझी थोरली बहीण दिंडोरीला दिली आहे, त्यामुळे मुलांच्या उन्हाळ्याच्या सुट्टीतले चार दिवस ठरलेले. नाशकाहून एसटीत बसायचे, पंचवटी मागे टाकायची आणि म्हसरूळच्या चांभार लेण्यांचा डोंगर दिसला की शहर सुटले असे समजायचे. पुढे द्राक्षांचे मांडव लागतात. मे महिन्यात घड नसतात. काढणी आणि खरड छाटणी उरकलेली, वेलींवर नुसती कोवळी पालवी. वाट जेमतेम पंचवीस किलोमीटरची. मुलांचे "आलं का?" संपायच्या आत दिंडोरी येतेच.

यंदा अंगणात पाय ठेवला तो काय, तुळशीवृंदावनाशेजारी दाजींची जुनी पेट्रोलची जीप तोंड उघडून उभी! बॉनेट भिंतीशी, पुढची जाळी ओट्यावर. ही गाडी मुळात दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या लष्करासाठी घडली. आपल्याकडे महिंद्रांनी मुंबईत तिची जुळणी सुरू केली. पुढे डिझेल इंजिने आली, त्यांचा कारखाना तर आपल्याच जिल्ह्यात, इगतपुरीला निघाला. ताईच्या घरची जीप तिच्या सासऱ्यांनी घेतलेली. खते, द्राक्षांच्या पेट्या, बाळंतिणी, सारे तिने वाहिले. आता तेल पिते आणि धूर ओकते. इंजिन बाहेर काढल्याशिवाय गत्यंतर नव्हते.

दाजींचा बेत सोपा होता. कडुनिंबाच्या फांदीला दोर टाकायचा, चार गडी ओढायला लावायचे. "बाबा असंच काढायचे," ते म्हणाले.

ताई चहा गाळता गाळता थांबली. "अहो, आणि मामंजींचं बोट कशानं गेलं?"

दाजी गप्प झाले. तेव्हाही फांदीच मोडली होती. ताई म्हणाली, "कप्पीचं भाडं मी देते, भाजीच्या पैशांतून. पण दोर नको."

दुसऱ्या दिवशी मिस्त्री साखळीची कप्पी आणि तीन पायांची लोखंडी घोडी घेऊन आले. इंजिनाचे वजन दीडशे किलोंच्या वर. दोर सुटला तर ते कोसळतेच. कप्पीची साखळी सोडली तरी वजन जागच्या जागी राहते. घोडीचे पाय फाकू नयेत म्हणून त्यांना साखळीने बांधले, खाली फळ्या दिल्या.

मग कामाचा क्रम. गाडी सपाट जागी, चाकांना दगड. बॅटरीची काळी वायर आधी काढली. इंजिन थंड असतानाच रेडिएटरचे पाणी सोडून तो उतरवला. पेट्रोलची नळी बंद केली आणि गड्यांच्या बिड्या मिस्त्रींनी फाटकाबाहेर धाडल्या. ताईने जुन्या लुगड्याच्या चिंध्यांवर आकडे घालून एकेका वायरीला बांधल्या. नटबोल्ट जुन्या मसाल्याच्या डब्यात, खणाखणांत. चॅसीवर आडवी फळी टाकून गिअरबॉक्स तिला बांधला, नाहीतर इंजिन सुटताच तो खाली लोंबतो.

इंजिनाला दोन बाजूंनी साखळी लावताना मिस्त्री म्हणाले, "वहिनी, दोघी मिळून भरली बादली धरता ना? जवळ उभ्या राहिलात तर हलकी, लांब सरलात की हात भरून येतात. साखळीचंही तसंच." दोन पदरांतला कोन १२० अंशांवर गेला, तर प्रत्येक पदरावर अख्ख्या इंजिनाचा भार येतो. म्हणून साखळी लांब ठेवायची, कोन अरुंद.

शेवटी बुडाचे बोल्ट काढले. कप्पी कटकट करू लागली, साखळी ताठ झाली, इंजिन हलेना. दाजी म्हणाले, "ओढा अजून!"

ओट्यावरून ताई ओरडली, "थांबा! इंजिन नाही, गाडीच वर येतेय!"

खरेच, पुढचे स्प्रिंग उचलले जात होते. मिस्त्रींनी साखळी सैल केली आणि वाकून पाहिले. इंजिनापासून चॅसीला जाणारी अर्थिंगची जाड पट्टी काढायची राहिली होती. तशीच ओढली असती तर ती तुटून इंजिन झोका घेऊन आले असते, तेही जवळच उभ्या असलेल्या दाजींच्या अंगावर. कोणी काही बोलले नाही. पट्टी सुटली आणि इंजिन नाक वर करून अलगद पुढे आले. चाकांचे दगड काढून जीपच मागे ढकलली; टांगलेले वजन कोणी हलवले नाही, त्याखाली हातही घातला नाही. मग ते हळूहळू जुन्या टायरवर टेकवले.

संध्याकाळी आम्ही सगळे वणीच्या एसटीने ओझरखेड धरणावर गेलो. उन्हाने पाणी खाली गेले होते, पण वारा गार होता. मुलांना भेळ वाटता वाटता दाजी ताईला हळूच म्हणाले, "भाजीच्या पैशांतून नको देऊ. भाडं मी दिलंय."

ताईने काही उत्तर दिले नाही. कागदाचा द्रोण धरलेल्या त्यांच्या हाताकडे तिने पाहिले. पाचही बोटे काळी, तेलकट. पण पाचच्या पाच जागेवर. माझ्याकडे वळून म्हणाली, "उद्या खोबरेल आणि बेसन लावून हात घासून देते. साबणानं नाही निघायचं हे."