भिंतीवरची आयत

बी.एड.च्या वर्षी कॉलेजच्या ग्रंथालयात एडवर्ड सईद यांचे १९७८ सालचे 'ओरिएंटॅलिझम' प्रथम हाती आले. इंग्रजी जड होते, पहिल्याच प्रकरणात अडकलो. मनात राहिले ते मुखपृष्ठ. निळ्या टाइल्सची भिंत, तिला टेकून जमिनीवर बसलेली हत्यारबंद माणसे आणि त्यांच्यापुढे अंगाभोवती साप घेऊन पाठमोरा उभा असलेला नागडा पोरगा. मला राग आला की लाज वाटली, आजही नीट सांगता येत नाही. पुस्तक टेबलावर पालथे ठेवले एवढे आठवते.

ते चित्र ज्याँ-लिओं जेरोम या फ्रेंच चित्रकाराचे. नाव 'गारुडी', काळ १८७९ च्या आसपासचा. सईद यांच्या पुस्तकात त्याची चर्चा नाही, ते फक्त वर छापले आहे. भिंत इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यातली, तर सापाचा खेळ इजिप्तमधला. जेरोमने दोन्ही मुलूख पाहिले होते. पॅरिसला परतल्यावर त्याने दोन्हींची मोट बांधली आणि ती इतक्या सफाईने रंगवली की बघणाऱ्याला फोटोच वाटावा. १९८३ साली लिंडा नॉकलिन या कला-इतिहासकार बाईंनी याच सफाईवर बोट ठेवले. भिंतीच्या फुटक्या टाइल्स दाखवून हे लोक आळशी आहेत, त्यांना आपल्या वास्तूही सांभाळता येत नाहीत, असे चित्रकार न बोलता सांगतो, हा त्यांचा मुद्दा. मला तो पटला.

पण भिंतीवर वरच्या बाजूला अक्षरांचा एक पट्टा आहे. मुखपृष्ठ पाहताना तिकडे माझे लक्षच गेले नव्हते. पुढे शाळेच्या संगणकावर पूर्ण चित्र मोठे करून पाहिले आणि सवयीने उजवीकडून वाचू लागलो. सुलुस खत, स्वच्छ. सूरह बकराची २५६वी आयत! दीनमध्ये जबरदस्ती नाही असे सांगणारी. जेरोमने टाइल्सवरच्या फुलांसारखीच अक्षरेही जशीच्या तशी उतरवली होती. ज्याच्यावर इतकी वर्षे राग धरला, त्याच्याच हातून ही आयत आपल्याला वाचता येईल अशी उतरावी, याचे काय करायचे?

चित्राची प्रत काढून आठवीच्या वर्गात नेली. खालच्या अर्ध्या भागावर वर्तमानपत्राचा कागद चिकटवला होता. पोरांनी आयत घडाघडा वाचली. मागच्या बाकावरून एकाने विचारले,

"सर, काढणाऱ्याला अरबी येत होती?"

"त्याने बघून काढली."

"म्हणजे काय लिहिलंय ते कळलंच नसेल त्याला?"

मी म्हणालो, बहुधा नसेल. मग पुढच्या बाकावरच्या पोराने कागदाकडे बोट केले.

"सर, खाली काय आहे?"

तास संपायला दहा मिनिटे होती. मी आयत पुन्हा एकदा वाचायला सांगितली.